आभार मानले, तेच चुकलं

...नाही, पण आभार मानायचं अडलं होतं कुठे माझं? तुम्हाला सांगतो, जन्मभर घोडी वठणीवर आणली, कुणाचे आभार मानले नाहीत, आणि मानले कुठे? आमच्या ताकुआरेम्बो गावच्या दवाखान्यात, उताणा पडून, मानेत सुई असताना!

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. पाडलं कुणी, विचारू नका. म्हातारी घोडी. तीही उभी.

भूल देणाऱ्या सुलेमाबाई म्हणाल्या, "आजोबा, झोपवणार नाही, खांदा तेवढा बधिर करू. औषध अगदी थोडं." हाड इथे, सुई मानेत! बरं, बाईंचा हात हलका, आपणही माणसासारखं वागावं म्हणून म्हणालो, "आभारी आहे." आणि बाई थांबल्या!

आता तुम्हीच सांगा, चौघांत 'माते' म्हणतात तो आमचा कडू चहा फिरतोय, पोकळ भोपळ्याचा एकच पेला, एकच नळी, आणि कुणी तो परत देताना 'आभारी आहे' म्हणाला तर? म्हणजे बास, मला नको! पुढच्या फेरीला वगळतात की नाही त्याला? बाई इथल्याच, त्यांनीही तोच अर्थ घेतला... सुई बाहेर! म्हणजे मला अर्धंच औषध? मग आणखी मागायचं? मी? मागू?

आभार मानले, तेच चुकलं.

बोटं हलवली. हलली! हात जागा, मी जागा, आणि पडद्यापलीकडे सर्जन. "टोचतंय का?"

"आधी टोचा तरी!"

"टोचलं की!"

थापा. दात आवळले. आता दुखेल... आता दुखेल... घर्रर्र... कुणाच्या हाडाला भोकं पाडत होते कोण जाणे, मला तर काहीच नाही!

शिवून झाल्यावर विचारलंच. "बाई, मी आभार मानले म्हणून हात आखडलात ना?"

बाई हसून लोळायच्या बाकी. "अहो, तेवढंच द्यायचं ठरलं होतं! तंबाखूनं छाती आधीच खाल्लीय तुमची. जास्त दिलं असतं, तर त्या बाजूचा श्वासाचा पडदाही झोपला असता. बसला असतात धापा टाकत!"

म्हणजे कमी दिलं, हेच उपकार? डोकं चालेना. तेवढ्यात आमची बायको नेलिदा माते आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन आली. सकाळपासून घसा कोरडा. एक भोपळा ओढला, छाती भरून श्वास घेतला, बाईंकडे पाहिलं... आणि निघालं तोंडातून. अगदी मनापासून.

"आभारी आहे."

"झालं वाटतं तुमचं," म्हणाली नेलिदा, भोपळा काढून घेतला, भरला, बाईंना दिला. मग स्वतः प्यायली. मग पुन्हा बाई. मी बघत होतो. मागणार थोडाच? थर्मास संपवला हो दोघींनी!