चिएको असलेली टेप

हॅलो? …कोण, फुमिए? हां, शिगेओच बोलतोय. …नाही गं, बरा आहे. आवाज असाच आहे माझा.

सकाळी? घरीच होतो. फोन मुद्दाम उचलला नाही. टेप चालू होती… अगं ती छोटी, डिजिटलची. काडेपेटीपेक्षा जरा मोठी.

हो, हो… अगं ऐक ना. ती वाजवायचं मशीन दुरुस्त झालं. पण दुकानदारानं आधीच बजावलं होतं, हेड पार झिजलंय आणि नवीन कुठे मिळत नाही. एकदा चालेल, फार तर दोनदा. म्हणून वाजवता वाजवताच कॉम्प्युटरवर उतरवून घेत होतो.

…कुशिरोला केलेली. सारसांच्या आवाजाची. चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी, पहाटे पुलावर. मी मशीन सांभाळत होतो, तुझी चिएकोवहिनी माईक धरून उभी.

…हो. आहे. तिचा आवाज आहे.

म्हणून तर. गेली ती तेव्हापासून शोधतोय, तीन वर्षं. दोनशे बारा टेपा ऐकल्या. एकीतही तिचा आवाज नाही. ती नुसती खोकली तरी मी पुन्हा पहिल्यापासून घ्यायचो ना… पक्ष्यांच्या मध्ये माणूस नको म्हणून.

…काय म्हणणार? म्हणते, "थंडीनं बोटं गेली माझी. चहा उरलाय का थर्मासमध्ये?" …एवढंच. मग मी म्हणतो, "शू."

…हो, मीच. अगदी स्पष्ट.

पुढे काय, पुढे अर्धा तास ती एक शब्द बोलत नाही. सारस ओरडतात, खाली नदीत बर्फ तडकतो. मध्ये एकदा नाक ओढते.

…रडत नाहीये. ऐक तरी. बत्तिसाव्या मिनिटाला टेप गेली. कॅसेटसारखी खरखर नाही होत हिच्यात. थोडंसं गेलं तर मशीन मागचंपुढचं बघून अंदाजानं भरून काढतं, कळतसुद्धा नाही. जास्त गेलं की गप्प. एकदम. …मला वाटलं, सारस थांबले असतील, ती उभी असेल. पाच मिनिटं तसाच ऐकत बसलो होतो, फुमिए. आवाजाच्या मीटरकडे बघितलंच नाही.

…उतरलं तेवढं आहे. तिचं वाक्य आहे. माझं "शू"पण. …कापता येतं, सहज येतं. नाही कापणार.

आत्ता? नको, फोनवर नको. फोनमध्ये काही कळणार नाही तुला. …मी येऊ? हाकोदातेला? …बघतो. …अगं, बघतो म्हणजे नाही असं नाही.

…थांब, ठेवू नकोस. काहीतरी बोल. …काहीही. लोणच्याचा मुळा मुरत घातलास का यंदा? …किती? …एकटीनं? …हो… हो… नाही, ऐकतोय. मध्ये बोलत नाहीये, इतकंच.

…कोण आलंय दारात? बरं, जा. जा तू. मग सावकाश कर फोन. वाट बघतो.

…हो गं, 'वाट बघतो' असं मीच म्हणालो. ठेवतो.