दारावरचं लायलचं नाव

हॅलो? … हो, मीच, लेस्या! आत्या, थांब हं, फोन गाडीच्या टपावर ठेवते, दोन्ही हात चिकट झालेत… हां, बोल.

… नाही, खरवडत नाहीये! शप्पथ! … काचेवरचा बर्फ काढायचं ते? अगं, ते बाबा घेऊन आले होते सकाळी. 'हे घे, दोन मिनिटांत निघतील लायलनं गाडीवर चिकटवलेले पट्टे.' मी सरळ म्हटलं, बाबा, गाडी आत्यानं मला दिलीय, शनिवारी तिला तिच्या लग्नाला मीच नेणार आहे, तुम्ही आत जाऊन टीव्हीवर कर्लिंगची मॅच बघा. … हो, असंच म्हटलं! … गेले ना! निमूट! माझं मलाच खरं वाटेना.

… हो, हो… अगं ऐक ना. थंडीत ते पट्टे नुसते कडकड मोडत होते. नखाएवढे तुकडे. म्हटलं, असं चाललं तर आत्या चर्चला ट्रॅक्टरवरून जाणार. मग आईचा हेअर ड्रायर आणला… नाही, तिला माहीत नव्हतं. आता आहे. गाडीचं इंजिन गरम ठेवायचा हीटर त्याच प्लगला होता, मी विसरले! ड्रायर चालू केला आणि फट्! अर्ध्या घराची वीज गेली. बाबांच्या मॅचमधला शेवटचा दगड बर्फावरून सरकत होता, बरोब्बर तेव्हा. … हसू नकोस! अजून बोलत नाहीयेत माझ्याशी.

… तिकडे कोण हसतंय एवढं? … लग्नासाठी सारण भरून पेरोगी वळणाऱ्या सगळ्याजणी? मी स्पीकरवर आहे? आत्याऽऽ! … हॅलो, कोस्त्युकबाई… हो, लायसन्स मिळालं… हो, पहिल्याच खेपेला! … नाही, चर्चचं फाटक नाही पाडणार.

हां, तर आत्या. ड्रायर एका जागी धरायचाच नाही, सारखा फिरवत ठेवायचा. हाताला सोसेल इतपतच गरम. मग नखानं कोपरा उचलायचा आणि पट्टा उलटा दुमडून, त्याच्याच अंगावरून मागे ओढायचा. हळूऽऽ. … गोंद राहिला थोडा. स्पिरिटनं पुसला. आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघितलं, फडक्यावर रंग उतरतोय का ते. नाही उतरला! उरलेला लायब्ररीच्या कार्डानं लोटला. … अगं, दुसरं कार्ड देतात!

… हो. नारिंगी गेला, तपकिरी गेला. एक ओरखडा नाही, आत्या. एकसुद्धा!

… हो, तुझ्या बाजूचं दारही केलं.

… लायलचं नाव पण काढलं. सगळी अक्षरं सोलली. कमालच माणूस पण! बायको बसते त्या दारावरही स्वतःचंच नाव चिकटवायचं? … बरं, नाही बोलत. तुझा नवरा होता. होता!

… आत्या, एक मात्र आहे. … नाही, रंग नाही गेला. उलट राहिलाय. म्हणजे… नावाखाली इतकी वर्षं ऊन लागलंच नाही ना. सगळं दार विटलंय आणि तेवढं निळं अजून नवं कोरं आहे. पट्ट्यांच्या नुसत्या रेघा दिसतात, पण हे… वाचता येतंय. … हो. लायल. … चांगलं स्वच्छ.

… आत्या? आहेस ना?

… रद्द? काय रद्द? … गाडी होय! केवढी दचकले मी. … नाही, तुझ्या मैत्रिणीच्या, ओल्हाच्या गाडीतून नाही जायचं. … अगं, कोण बघणार आहे दाराकडे? … सगळं गाव? … बरं, गाव बघेल. … नवरदेवालाच, बोहदानकाकांनाच कसंतरी होईल? … आत्या, रडू नकोस ना. पीठ जाईल डोळ्यांत. कोस्त्युकबाई, तिला जरा बसवा!

… थांब. थांब, थांब. बाहेर गाडी थांबलीय. … आत्या… काकाच आलेत.

… मी काय करू! … हॅलो काका! या ना… नाही, त्या बाजूनं नका, तिकडे निसरडं आहे… आत्या, काहीतरी झाकायला… गेलं. बघतायत.

… टोपी काढली. … वाकले. अक्षरांवरून बोट फिरवतायत.

काका, मी सगळं नीट केलं, पण ते… काय? … आत्या, ते म्हणतायत, लायलनं आयुष्यात एवढा रंग तरी जपला! … अगं खरंच, हसतायत!

… काय म्हणालात? … आत्या, ऐक, त्यांच्या ट्रकवरचं बियाण्याच्या कंपनीचं स्टिकर काढलं ना, तेव्हाही अस्संच झालं होतं. म्हणून पॉलिशचा डबा घेऊनच आलेत. म्हणतायत, नाव पुसत बसायचंच नाही. खरा रंग तिथंच आहे. बाकीचं दार त्याच्या जोडीला आणायचं.

… कोट काढला. बाह्या वर केल्या. … घासतायत. गोल, गोल. … फडकं पांढरं झालंय सगळं, मेलेला रंग निघतोय… आत्या! निळं वर येतंय! अगं, पहिल्या अक्षराची कड कुठं गेली? मघाशी इथंच होती! … नाही, तुझी समजूत नाही काढत! दिसत नाहीये!

… हो, विचारते. काका, आत्या विचारतेय, तुम्हाला राग तर नाही ना आला? … आत्या, ते म्हणतायत, राग कसला, हात दुखतोय.

… बाई गं, आता तर सगळ्याच हसायला लागल्या.

… तेच उलट विचारतायत, शनिवारी कुठल्या गाडीनं येणार? … मोठ्यानं बोल, मागे भांडी वाजतायत. … याच? नक्की? याच दारानं उतरणार?

काका, याच दारानं!

… फडक्याची घडी उलटी केली आणि दुप्पट जोरात सुरू झालेत. … हो, कान लाल झालेत. थंडीनं नाही. … ठेवते आता, आत्या, अजून निम्मं दार बाकी आहे आणि ते एकटेच… काका, सरका जरा, खालची बाजू माझी!