गोदाबाई, आमचे हात बघा

आजच्या सभेच्या अध्यक्षा सरपंच भाग्यश्रीताई, व्यासपीठावरील पर्यवेक्षिका मॅडम, आयुष्यभर आपली अंगणवाडी चालवून आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती गोदाबाई, आणि समोर जमलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो,

आधी एक दुरुस्ती. मघाशी सुनीलभाऊ म्हणाले, दिवाळीआधी फाट्यावर तेलाचा टँकर उलटला. टँकर नव्हता. तेलाच्या डब्यांचा टेंपो होता. मी गॅरेजवाला, शाळा आठवीपर्यंत, बाकीचं पुस्तकं विकत घेऊन वाचलेलं. ही गल्लत मला चालत नाही. टँकरमधलं तेल आपोआप वाहून जातं. डबा उचलावा लागतो.

बाईंच्या खिचडीचं, लसीकरणाचं कौतुक झालं. मी कांद्याच्या ट्रकचं सांगतो. घाट उतरून आलेला ट्रक फाट्यावर आडवा झाला, तेव्हा अख्खं गाव गोण्या घेऊन धावलं. क्लीनर केबिनमध्ये अडकलेला. बाई पदर खोचून रस्त्यात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "सदू! पोशा! हात दाखवा रं!" खिचडीआधी पोरांचे हात तपासायच्या, तसंच. मिशीवाले बाप्ये, पण कांदे खाली पडले नि पंजे पुढे आले. "पोशा, तुला कांदा पचत नाय, मला ठाव हाय. धर ती पहार!" लोक हसले. हसता हसताच क्लीनरला बाहेर काढला.

हे कसं घडलं? मी यावर पुष्कळ वाचलंय. गर्दीत माणसाला नाव राहत नाही. शेजारचा उचलतो म्हणून आपण उचलतो, आणि मदतीला कुणीतरी गेलंच असेल, असं प्रत्येकाला वाटतं. बाई फक्त ज्याचं नाव त्याला परत देत.

टेंपो उलटला त्या दिवशी बाई डोळ्याच्या ऑपरेशनला कर्जतला होत्या. मीच नेलं होतं, म्हणून मी काही पाहिलं नाही. पाहिलं तुम्ही. उलट्या बाजूने डंपर आला, त्याला चुकवताना तौकीरचा टेंपो कलंडला. टपरीवर तुम्हीच मला सांगता ना? स्टिअरिंगखाली दबलेला तो ड्रायव्हर पाणी मागत होता, आणि डबे त्याच्या डोक्यावरून हातोहात जात होते. टेंपो उचलायला आठ माणसं नि एक पहार पुरते हो! पाय गेला त्याचा.

कोण राक्षस होतं त्यात? मुंग्यांना साखर घालणारी एक काकी होती. नाव घेत नाही. मला म्हणाली, "समदीच नेत व्हती रं. मी येक डबा न्हेला तर काय झालं?"

आता गुन्हा तौकीरवरच आहे, झोपेत गाडी चालवल्याचा. उद्या खालापूरला तारीख. तो डंपर पाहिलेला एक साक्षीदार हवा, एकच. कुणी येत नाही. कारण "मी पाहिलं" म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो, तू तिथे काय करत होतास? अहो, त्या तेलातल्या शंकरपाळ्या कधीच खाऊन झाल्या. तोंडं अजून बंद!

मी दारोदार फिरलो. वाचलेलं सगळं सांगून झालं. माझं ज्ञान संपलं. दाराशी शेवटच्या रांगेत बसल्यात त्या नूरबानो, तौकीरच्या पत्नी. मघाशी आपण त्यांना भजी दिली. त्यांनी घेतली नाहीत.

बाई, उद्यापासून तुम्ही लेकीकडे शेलूला. मग या फाट्यावर आम्हाला नावाने हाक कोण मारणार? शाल राहू द्या, हा माईक घ्या. एकदा हजेरी घ्या आणि म्हणा, हात दाखवा. पोशापासून सुरुवात करा. समोरच बसलाय, मान खाली घालून. पोशा, डब्याचं मी विचारणार नाही. कोर्टाने विचारलं, तर तुझ्या शेजारी मी उभा राहीन.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत. आभार मानायची रीत आहे, म्हणून मानतो. माझ्या सांगण्यात कुठे चूक असेल, तर मला क्षमा करू नका. जो तिथे होता, त्याने उभं राहून ती दुरुस्त करावी.