गुलाबी पाण्याची बाटली

मुलगी : ...तेच विचारतेय, बाबा. ही बाटली तुम्ही मिठागरातच भरलीत ना?

बाबा : मग काय नळावर भरली? एवढं गुलाबी पाणी दुसरीकडे कुठे मिळतं?

मुलगी : कुठल्या वाफ्यातून?

बाबा : शेवटच्या. तू पोलीस आहेस का?

मुलगी : कॉलेजच्या प्रयोगाला मिठावर जगणारे सूक्ष्म जीव हवे होते मला. खाऱ्या बशीत एकही वाढला नाही.

बाबा : इवलेसे जीव ते. वाटेत दगावले असतील.

मुलगी : मग हे कोण जगलं? प्रयोगशाळेत शेजारच्या मुलीनं चुकून माझी एक नळी तापत्या पेटीत ठेवली, हात पोळेल इतक्या आचेत. मिठागरातले तिथे मेले असते. हे मात्र माजलेत. असले जीव गरम झऱ्यात राहतात.

बाबा : तुमच्या त्या पेटीचं काही खरं नाही.

मुलगी : आणि रंग? जीवांचा असता तर तिथल्या बारीक गाळणीत अडकला असता. तो सरळ खाली उतरला. आई, परवा आणलेल्या बिटांतलं एक कुठे गेलं गं?

आई : मला कशाला मधे घेतेस? मिठाचा डबा अर्धा झालेला दिसला, तरी मी गप्प बसले.

बाबा : म्हणजे तूसुद्धा पाळत ठेवून आहेस.

आई : ठेवणारच. पूर्वी तुमच्या कॉलरी मिठानं कडक व्हायच्या. आता शर्टाला जळक्या काडीचा वास येतो. माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते या पोरीसमोर नाही सांगत.



बाबा : मिठागर विकलं गेलं. नव्या मालकाला मुकादम नको होता. आता मला फाटकाच्या आतही घेत नाहीत. गंधकाच्या गरम झऱ्यावर काम धरलंय. कुंड घासतो, लोकांचे ओले टॉवेल उचलतो.

मुलगी : मग पाणी मिळत नाही म्हणायचं होतं.

बाबा : तू सगळ्यांना सांगून बसली होतीस, माझे बाबा मुकादम आहेत म्हणून. मला वाटलं, मीठ घातलं की झालं खारं पाणी.

मुलगी : बाबांनी स्वतःच्या हातानं भरलंय, असं मॅडमना छातीठोकपणे सांगितलं मी. आता उद्या जाऊन नमुना खोटा आहे म्हणायचं. तुमच्या टॉवेलांची लाज नाही वाटत मला, पण याचा फार राग आलाय.

बाबा : खुशाल माझं नाव सांग.

मुलगी : सांगणारच आहे.

बाबा : एक विचारू? झरा खडकातून निघतो ना, तिथे बुळबुळीत पिवळट थर धरतो. रोज ब्रशनं खरवडून मी गटारात टाकतो. तुझे ते जीव... तेच का?

मुलगी : बहुतेक तेच. उद्या घासू नका तिथे.

बाबा : मग तूच ये भरायला. माझ्या हातचं कोण खरं मानणार?

मुलगी : नको, तुम्हीच भरा. बाटली देते सकाळी. फक्त घरातलं काही घालू नका त्यात.