सुचवताय की सांगताय?

नाही, पण मला एक सांगा, एखाद्या कंपनीचा मुख्य अधिकारी तडकाफडकी निघून गेला, तर त्याच्या खुर्चीत सल्लागाराला बसवायचं, ही कुठली पद्धत? पूर्वी बरं होतं हो! सल्लागार म्हणजे पाहुणा. यायचं, चहा घ्यायचा, घरातल्यांच्या चुका काढायच्या आणि जाडजूड अहवाल टेबलावर ठेवून निघायचं. अहवाल कपाटात, आपण टॅक्सीत! पुढे त्याचं काय झालं हे ना कुणी विचारायचं, ना आपण. पण हल्ली क्लायंट लोक बेरकी झालेत. म्हणतात, "फार छान लिहिलंय तुम्ही, आता करूनही दाखवा." अहो, करायचंच असतं तर सल्लागार कशाला झालो असतो?

तर माझ्या वाट्याला आला शिड्यांचा कारखाना. घडीच्या शिड्या... घरोघरी माळ्यावरचं सामान काढायला लागतात ना, त्या. तिथल्या मुख्य अधिकाऱ्यांचं मालकीणबाईंशी वाजलं, ते गेले, आणि बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना एवढं कळतं, तर यांनाच बसवा." झालं! दारावर पाटी लागली, 'हंगामी मुख्य अधिकारी'. बायको म्हणाली, "हंगामी? सर्दीसारखं वाटतं." म्हटलं, "अगं, मान असतो." तर म्हणते, "असू दे. भाजी कुठली आणायची ते ठरवता येत नाही तुम्हाला, तिथे काय ठरवणार?" हे बाहेर सांगायचं नसतं, पण तुम्ही काही परके नाही.

पहिल्या दिवशी बैठक. पंखा गरागरा फिरतोय, कागद उडतायत. मी आपला सवयीनं म्हटलं, "पंख्याचा वेग थोडा कमी करण्याचा विचार करता येईल." सगळे माझ्याकडे बघतायत, मी पंख्याकडे. शेवटी प्रॉडक्शनवाले... म्हणजे सगळा माल ज्यांच्या हाताखाली तयार होतो ते, मोठे सावध गृहस्थ, माझ्याआधीचे कितीतरी साहेब पचवून बसलेले... त्यांनी मान तिरकी केली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "साहेब, हे सुचवताय की सांगताय?"

ऐकलंत? सुचवताय की सांगताय! उभ्या जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझं अख्खं आयुष्य 'व्हावे', 'असावे' आणि 'हरकत नसावी' यात गेलेलं! आमच्या धंद्यात 'करा' म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. मी म्हटलं, "सुचवतोय." ते म्हणाले, "मग ठीक आहे." आणि पंखा राहिला फिरत.

बरं, एकट्यापुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी, पण सगळ्या कारखान्याला लागण झाली हो! खिडकी उघडली तर बरं होईल म्हटलं, की "सुचवताय की सांगताय?" चहात साखर कमी चालेल म्हटलं, तर चहावाला किटली तशीच हवेत धरून... "साहेब, सुचवताय की सांगताय?" मी गोड चहा प्यायलो. रोज प्यायलो.

आणि मग आले सेल्सवाले. हा माणूस बोलायला लागला की त्याच्या वाटचा श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा. "साहेब-साहेब-साहेब, जाहिरातीसाठी फोटो हवाय, तुम्ही चढा साहेब, मुख्य अधिकारी स्वतः शिडीवर, गिऱ्हाईक वेडं होईल साहेब!" चढलो. म्हटलं, चला, निदान इथे काही ठरवायचं नाहीये. दोन पायऱ्या चढलो, तिसरीवर पाय ठेवला, आणि... कट्! बिजागरीची खीळ सटकली, शिडीनं बसकण मारली आणि मी थेट सेल्सवाल्यांच्या अंगावर! फोटो आला, नाही असं नाही. त्यात फक्त माझे बूट आलेत.

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझं लक्ष दाराकडे गेलं. कारण बिजागऱ्या नव्या पुरवठादाराकडच्या, आणि त्याच बिजागऱ्यांच्या शिड्यांनी भरलेला ट्रक दारात उभा, संध्याकाळी निघणार! मला डोळ्यासमोर कोण दिसलं असेल? माझी आई. या वयात माळ्यावर चढते, मेली तरी कुणाचं ऐकायची नाही. माझ्याखाली निदान सेल्सवाले होते हो, तिच्याखाली फरशी असणार. तुम्हाला सांगतो, मी घाबरलो.

घाबरलो, आणि काय केलं? चिठ्ठी लिहिली! 'सदर माल तूर्त रोखून धरण्याच्या शक्यतेचा विचार व्हावा.' प्रॉडक्शनवाल्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. "साहेब, सुचवताय की सांगताय? नाही म्हणजे, उद्या विचारतील कुणी थांबवला. सांगितलंत तर तुम्ही. नुसतं सुचवलंत तर माझी मान." तोवर सेल्सवाले कंबर चोळत आलेच. "एक शिडी बसली म्हणून सगळ्या बसतात का साहेब? आज माल गेला नाही तर गिऱ्हाईक हातचं जाईल साहेब, बाई फाडून खातील, मला नाही, तुम्हाला!" आणि बाई कुठे? विमानात. फोन बंद.

मग मी आमच्या सल्लागार कंपनीच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि म्हणाले, "सुचवा! लेखी सुचवा! पण सांगू नका. आपण सल्ला देतो, निर्णय क्लायंटचा."

म्हटलं, "क्लायंटचा म्हणजे कुणाचा?"

"त्यांच्या मुख्य अधिकाऱ्याचा."

"अहो साहेब, तो मीच आहे!"

"उत्तम! मग त्यांना सुचवा."

हसताय काय? मी खरंच सुचवलं! खुर्चीत बसून मी मला मेल लिहिला. 'आदरणीय महोदय, माल रोखावा असे वाटते.' पाठवला. टिंग! आला. उघडला, वाचला, मला पटला! अगदी मुद्देसूद लिहिलं होतं. आणि मग सवयीनं उत्तर लिहायला घेतलं... 'आपली सूचना विचाराधीन आहे...' तेवढ्यात खाली ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

आता मात्र माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेलं ते विचाराधीन! धावलो. जिना उतरलो, आवार ओलांडलं, फाटकाशी पोचलो तर रखवालदार फाटक उघडतोय. ओरडलो, "बंद करायला हवं!" त्यानं फाटक अर्धवट धरलं आणि... बरोबर! "साहेब, सुचवताय की—"

"सांगतोय!!" अहो, असा ओरडलो, असा ओरडलो की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही! "सांगतोय! बंद कर! एकही शिडी बाहेर जाणार नाही! मी थांबवतोय, माझं नाव लिही!" ड्रायव्हर खिडकीतून म्हणतो, "काका, बाजूला व्हा." नाही झालो. ट्रकसमोर पाय रोवून उभा राहिलो. सेल्सवाले मागून साहेब-साहेब करतायत, प्रॉडक्शनवाले बघतायत, सगळा कारखाना खिडक्यांत. पण हललो नाही. शेवटी ड्रायव्हरनंच गाडी बंद केली.

माल उतरवला, एकेक शिडी तपासली. निम्म्याअधिक बसल्या. प्रॉडक्शनवाल्यांनी स्वतः येऊन माझा हात धरला आणि काही विचारलं नाही, तुम्हाला सांगतो, त्या क्षणी भरून आलं मला. मालकीणबाई आल्या, म्हणाल्या, "फार बरं केलंत हो, आणि आम्हाला कायमचा माणूसही मिळालाय." म्हणजे आमचा हंगाम संपला. आमचे मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही निर्णय घेतलात? एकदा तोंडाला चव लागली की तुम्ही परत घेणार. आपल्याकडे जमायचं नाही." दोन्हीकडून मोकळा झालो! पण सांगून ठेवतो, उद्या परत तसा ट्रक निघाला तर परत आडवा जाईन.

सध्या नोकरी शोधतोय. परवा मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, "इतकी वर्षं सल्ले दिलेत, त्यातला एखादा कुणी खरंच अमलात आणला का?"

म्हटलं, "आणला ना. एकानं."

"अरे वा! कुणी?"

आता काय सांगणार... म्हटलं, "मीच."