घुरंग आत येतो

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेली मावशी आणि तिची भाची बसल्या होत्या. एका गाजलेल्या मालिकेतल्या प्राण्यावर भाचीने स्वतःची गोष्ट रचली होती. स्पर्धेला पाठवण्याआधी ती मावशीला वाचून दाखवत होती.

"'दार उघडलं आणि घुरंग आत आला.'"

"कोण आला?"

"घुरंग गं, मावशी. मालिका बघणाऱ्यांना तो पाठ आहे."

"मी कुठे बघितलीय? माझ्यासाठी दारात कुणीच नाही. परीक्षकांनी तरी बघितलीय का?"

"नसेल. बरं, ऐक. आठ फूट उंच, राखाडी खवले, तीन शिंगं, लांब शेपटी..."

"हरवल्याची जाहिरात देतेयस का? ज्यांना पाठ आहे ते इथेच जांभई देतील."

"मग काय करू? आजच पाठवायचीय!"

"रडू नकोस. आत येताना तो काय करतो, ते सांग."

"चौकटीला शिंगं लागू नयेत म्हणून मान तिरकी करतो. खुर्ची मोडेल म्हणून जमिनीवरच बसतो. आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून शेपटी उचलून मांडीवर घेतो... मावशी? झोपलीस?"

"गप गं. बघतेय त्याला. एवढं धूड, आणि किती सांभाळून वागतो बिचारा! हे सगळं मालिकेत आहे?"

"शेपटीचं माझं आहे."

"वा गं पोरी! अगदी तसंच लिही."

"मावशी, चला, पट्टी बदलायचीय," नर्सने हाक मारली.

"चल, ऊठ. माझा हात धर," भाची म्हणाली.

"जरा बाजूने ने."

"समोर वाट मोकळी आहे, मावशी."

"मोकळी कशी? तो खाली बसलाय ना!"