गोकुळचं मोबाईलातलं हसू

मोबाईलातल्या त्या हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याचं, त्या इमोजीचं विचारताय, म्हणून सांगतो. कोरगावचा आमचा शाळेतला दोस्त गोकुळ डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक विकला, तरी आमच्या ग्रुपवर तो प्रत्येक वाक्यापुढे तोच चेहरा टाकायचा. आम्ही म्हणायचो, गड्याला कसली चिंताच नाही.

एका सकाळी त्याने लिहिलं, ‘छातीत दुखता. कोण तरी गाडी घेवन येयात.’ पुढे तोच चेहरा. आम्हीही हसरे चेहरे पाठवले. एकाने तर लिहिलं, ‘फेणी कमी कर!’

शेवटी शेजाऱ्याने त्याला पिकअपमध्ये घालून हॉस्पिटलात नेलं, म्हणून जीव वाचला. संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, "अरे, अशा वेळी हसतोस कसला?"

छताकडे बघत गोकुळ म्हणाला, "रडको चेहरो पाठवूक लज दिसली रे."

त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. मी धीर दिला, "वहिनी, घाबरू नका. स्वभाव हसरा आहे त्याचा, उठेल लवकर."

ती म्हणाली, "भावजी, खाण बंद जाल्यापासून तो घरात एकदाय हसूक ना. मोबायलातच हसता."